फोन बदलला, सही केली नाही

माझ्या फोनची बॅटरी चाळीस टक्क्यांवरून थेट शून्यावर उडी मारायला शिकली, तेव्हा त्याला घेऊन चौथं वर्ष सरत आलं होतं. बोलता बोलता मधेच अंधार व्हायचा. चार्जरला लावला की पुन्हा चाळीस, जणू काही घडलंच नाही. नेमके त्याच सुमारास मोबाइल कंपनीचे संदेश वाढले. "अभिनंदन! आपण नव्या हँडसेटसाठी पात्र ठरला आहात." पात्र ठरण्यासाठी मी काय केलं होतं, तर दर महिन्याला निमूटपणे बिल भरलं होतं.

तो फोन मी करारावर घेतला होता. सुरुवातीला अगदी थोडी रक्कम, मग २४ महिने ठरलेलं बिल. त्या वेळी मला हे फारच सोयीचं वाटलं होतं. एकरकमी पैसे काढायला नकोत, फोन हातात, बिल बँकेतून परस्पर जातंय. यातली सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे हे "परस्पर", ते कळायला मला १९ महिने उशीर झाला.

एका रविवारी बिल उघडून नीट वाचलं. नीट म्हणजे दुसऱ्या पानासकट. करार केव्हाच संपला होता, पण बिल तसूभरही उतरलं नव्हतं. मूळ करार शोधून काढला, तर त्यात बारीक अक्षरात एक वाक्य होतं: मुदत संपल्यावर सेवा त्याच दराने महिन्या-महिन्याने चालू राहील. म्हणजे फोनची किंमत फिटली होती आणि तरीही मी त्याचे हप्ते भरत होते. कुणी फसवलं म्हणावं, तर तसंही नाही. सगळं लिहिलेलं होतं. मी वाचलेलं नव्हतं.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसले. माझ्या मासिक बिलातून त्याच कंपनीच्या नुसत्या सिमच्या प्लॅनचं बिल वजा केलं. उरली ती हँडसेटची रक्कम. तिला २४ ने गुणलं, सुरुवातीला भरलेले पैसे मिळवले. आलेला आकडा त्या फोनच्या त्या वेळच्या दुकानातल्या किमतीच्या जवळजवळ सव्वापट होता. १९ महिन्यांचे जादा पैसे त्यात धरलेलेच नव्हते. ते धरल्यावर मी वही मिटली.

करारावर फोन घेणारे सगळे मूर्ख असतात, असं मला म्हणायचं नाही. हातात पैसे नसतील आणि फोनशिवाय अडत असेल, तर हप्ता हा हप्ताच असतो. काही कंपन्या बिनव्याजीही देतात. पण हँडसेटचा हप्ता आणि सेवेचं बिल एकाच आकड्यात कालवलेलं असलं, की हप्ता संपला कधी हेच दिसत नाही. दोन्ही वेगळे दाखवणारं बिल असतं, तर मी १९ महिने झोपा काढल्या नसत्या. निदान सहा महिन्यांत तरी जाग आली असती.

ठरवलं की फोन बाहेरून, सुटा घ्यायचा, नंबर आहे तोच ठेवायचा, आणि कुठेही सही करायची नाही.

सुरुवात कंपनीच्या दुकानातून केली. काउंटरवरचा मुलगा अतिशय लाघवी होता. मी म्हटलं, "मला नवा हँडसेट नको. फक्त सिमचा प्लॅन द्या."

"मॅडम, नवा फोन घ्यायचा तर करार करावाच लागतो," तो म्हणाला.

"तुमच्याकडून घेतला तर. मी तुमच्याकडून घेत नाहीये."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग सिमच्या प्लॅनची यादी काढली. बिल जवळपास निम्म्यावर येणार होतं. त्यातला एक प्लॅन तर आणखी स्वस्त होता. मी खूश. त्याने टॅबलेट पुढे केला, "इथे फक्त बोटाने सही करा." बोट टेकवणार, इतक्यात वरच्या कोपऱ्यात दिसलं: मुदत १२ महिने. म्हणजे हाही करारच होता, फक्त त्यात फोन नव्हता. मी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "हो, म्हणूनच तर स्वस्त आहे." त्याचं खोटं नव्हतं. पण मी विचारलं नसतं तर त्याने सांगितलं असतं, असंही मला वाटत नाही. मी मुदतीविना असलेला, किंचित महाग प्लॅन घेतला. कधीही सोडता येईल असा.

आता फोन. सगळ्यात आधी माझ्या मावसभावाला गाठलं. तो फोनदुरुस्तीच्या धंद्यात आहे आणि सल्ला फुकट देतो, पण त्यासोबत टोमणेही. त्याचं पहिलं म्हणणं, "ताई, फोन कशाला बदलतेस? बॅटरी बदल." मुद्दा बिनतोड होता. फोनमधली लिथियम-आयन बॅटरी झिजण्यासाठीच जन्मलेली असते. अ‍ॅपलने आपल्या आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्यांसाठी सांगितलेलं गणित असं, की ५०० पूर्ण चार्ज झाल्यावर मूळ क्षमतेच्या ८० टक्के शिल्लक राहावी. आयफोन १५ पासून तो आकडा १,००० वर गेला. माझा फोन वेगळ्या कंपनीचा होता, पण रसायन तेच. रोज एकदा चार्ज धरला तरी माझे हजारच्या वर झाले होते. झिजलेल्या बॅटरीला अचानक जास्त वीज मागितली की तिचा दाब कोसळतो आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. चाळीसवरून शून्याचं कोडं ते एवढंच.

पण नुसती बॅटरी बदलून माझं भागणार नव्हतं. त्या फोनला सुरक्षेचे अपडेट येणं वर्षभरापूर्वीच थांबलं होतं आणि बँकेच्या अ‍ॅपने "हे उपकरण लवकरच चालणार नाही" अशी तंबी दिली होती. भाऊ म्हणाला, "मग बदल. पण या वेळी कॅमेरा बघू नकोस, अपडेट किती वर्षं मिळणार ते बघ." हा सल्ला मला सगळ्यात उपयोगी पडला. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ आणताना सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं, २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ साठी तेच केलं. दोन वर्षांच्या कराराचा फोन आणि सात वर्षांच्या अपडेटचा फोन, यांचं एकमेकांशी फारसं जमत नाही. दर दोन वर्षांनी "पात्र" ठरण्याची मला गरजच काय?

पहिला प्रयत्न फसला, आणि माझ्याच घाईमुळे फसला. एका ओळखीच्या बाईंनी आपला वर्षभर वापरलेला फोन विकायला काढला होता. फोन आरशासारखा स्वच्छ, खोकं, केबल, सगळं जागेवर. मी घरी आणून माझं सिम घातलं, तर पडद्यावर वाक्य आलं: या नेटवर्कचं सिम चालणार नाही. त्यांनीही तो करारावर घेतला होता, दुसऱ्या कंपनीकडून, आणि त्यांचा करार अजून चालू होता. त्यांना स्वतःला फोन लॉक्ड आहे, म्हणजे त्या एकाच कंपनीच्या सिमवर चालतो, हे ठाऊकच नव्हतं, कारण त्यांनी दुसरं सिम कधी घालून पाहिलंच नव्हतं. कोण घालतं? बिचाऱ्यांनी पैसे लगेच परत केले. वर माझीच माफी मागितली.

भावाला सांगितलं तर तो हसत सुटला. "विकत घेण्याआधी सिम घालून बघायचं, ताई. वरण उतरवण्याआधी मीठ चाखतेस ना?" आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीच्या पानावर नेटवर्क लॉकची वेगळी ओळच असते, तिथे सिमवर बंधन नाही असं दिसलं की काम झालं. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. तिथे दुसऱ्या कंपनीचं सिम घालून एक फोन लावून पाहणं हीच खरी परीक्षा.

त्याने मला दुसऱ्या कुलुपाबद्दलही बजावलं, आणि हे पहिल्यापेक्षा वाईट. आधीच्या मालकाने आपलं खातं न काढता फोन पुसला असेल, तर फोन सुरू होताना त्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि तो मिळेपर्यंत पुढे सरकत नाही. आयफोनमध्ये ही सोय २०१३ मध्ये आयओएस ७ सोबत आली, अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या सुमारास ५.१ आवृत्तीत. चोरांना अडवण्यासाठी केलेली सोय, पण सरळ मार्गाने सेकंडहँड घेणाऱ्यालाही तिचा फटका बसतो. म्हणून विकणाऱ्याने खातं समोर काढलं पाहिजे, आपल्या डोळ्यांदेखत.

तिसरी गोष्ट आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक. *#०६# दाबलं की पडद्यावर १५ आकडे येतात. पहिले आठ फोनचं मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या एका नगाचे, आणि शेवटचा आकडा पडताळणीचा. तो ठरतो कसा हे मला इतकं आवडलं, की एका संध्याकाळी मी घरातल्या सगळ्या फोनांचे हिशेब केले. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे चौदाव्यापर्यंतचे आकडे दुप्पट करायचे, दुपटीत दोन अंक आले तर त्यांची बेरीज घ्यायची, मग सगळ्यांची मिळून बेरीज शेवटच्या आकड्यासकट दहाने पूर्ण भागली पाहिजे. सगळे फोन पास झाले. अर्थात यावरून फक्त आकडा नीट लिहिलेला आहे एवढंच कळतं. फोन चोरीचा आहे की नाही, ते नाही. त्यासाठी चोरीला गेलेल्या फोनांच्या यादीत तो क्रमांक तपासावा लागतो. खोक्यावरचा, पडद्यावरचा आणि सेटिंग्जमधला क्रमांक एकच आहे ना, हे मात्र आपल्याला जागच्या जागी बघता येतं.

दुसऱ्या खेपेला मी सावध होते. नवाच, पण आदल्या वर्षीचा फोन घ्यायचा ठरवलं. नवं मॉडेल आलं की जुन्याची किंमत उतरते आणि अपडेटचं एखादंच वर्ष कमी होतं. हा सौदा मला मान्य होता. खोक्यावर "अनलॉक्ड" लिहिलेलं. तरी घेण्याआधी आणखी एक गोष्ट तपासली. ती सगळ्यात रटाळ वाटते, पण तिच्यात चूक झाली असती तर पुढची कित्येक वर्षं मी शिव्या घातल्या असत्या.

बँड. फोनवर "फोर-जी" लिहिलंय म्हणजे तो सगळ्या फोर-जीवर चालतो असं नाही. प्रत्येक कंपनीकडे वारंवारतेचे ठरावीक पट्टे असतात. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर जातात आणि भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरतात. १,८००, २,३००, २,६०० च्या लहरी जास्त डेटा वाहतात, पण भिंतीला लवकर हार मानतात. तुमच्या कंपनीचा खालचा बँडच फोनमध्ये नसेल, तर रस्त्यावर भरभरून रेंज येईल आणि घराच्या आतल्या खोलीत काठी दिसणार नाही. गोम अशी, की एकाच नावाच्या फोनचे वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगवेगळे अवतार निघतात. नाव तेच, मॉडेल क्रमांकाच्या शेपटीतलं एखादं अक्षर वेगळं, आणि बँड वेगळे. मी कंपनीच्या संकेतस्थळावरचे बँड एका कागदावर उतरवले आणि फोनच्या मॉडेल क्रमांकाशी ताडून पाहिले. पंधरा मिनिटांचं काम.

फोन आला. सिमचं काय करायचं हा प्रश्न होता, कारण फोनमध्ये ई-सिमही होतं. मी कार्डच ठेवलं. पहिलं सिम १९९१ मध्ये निघालं तेव्हा ते एटीएम कार्डाएवढं होतं. २०१२ च्या नॅनो सिमपर्यंत ते १२.३ बाय ८.८ मिलिमीटरवर आलं आणि आता ई-सिममध्ये कार्डच नाहीसं झालं. चांगली सोय आहे, ट्रे तुटत नाही, कार्ड हरवत नाही. पण कार्ड एका फोनमधून काढून दुसऱ्यात घालायला मला कुणाला विचारावं लागत नाही. ई-सिम हलवताना बहुतेक वेळा कंपनीला मधे घ्यावं लागतं. जिच्या काउंटरवरून मी नुकतीच सुटून आले होते, तिलाच. ही माझी अढी आहे, मान्य.

पिनने ट्रे काढला, कार्ड सरकवलं, आणि अर्ध्या मिनिटात रेंज आली. इंटरनेट चालू. मी बहिणीला फोन लावला, तर आवाज आला खरा, पण कॉल लागायला दहा सेकंद गेली आणि बोलणं चालू असेपर्यंत इंटरनेट मेलं. आधी वाटलं, पीस खराब आहे. भावाने फोनवरच निदान केलं, "तुझा कॉल फोर-जीवर जातच नाहीये, जुन्या नेटवर्कवर उतरतोय." फोर-जी मुळात डेटासाठीच बांधलेलं आहे, त्यावरून आवाज नेण्यासाठी व्होल्टे लागतं. आणि ते चालण्यासाठी नुसतं बटण पुरत नाही. फोनमध्ये त्या कंपनीसाठीची सेटिंग्ज असावी लागतात आणि कंपनीनेही आपल्या बाजूने ती सोय उघडावी लागते. कंपनीच्या दुकानातून घेतलेल्या फोनमध्ये हे सगळं शिजवूनच आलेलं असतं. बाहेरून आणलेल्यात आपल्याला मागावं लागतं. ज्या ठिकाणी जुनी नेटवर्कं बंद झाली आहेत, तिथे तर व्होल्टे नसलेल्या फोनवरून साधा कॉलही लागत नाही. त्यामुळे करार टाळणाऱ्याने फोन घेण्याआधीच विचारावा असा हा प्रश्न आहे. मी घेतल्यावर विचारला.

ग्राहकसेवेच्या पहिल्या दोन मुलींनी मला फोन बंद करून चालू करायला सांगितलं. तिसरीने आयएमईआय मागितला, थोडा वेळ टकटक ऐकू आली, आणि ती म्हणाली, "फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या आणि सिम काढून पुन्हा घाला." केलं. रात्री बहिणीला पुन्हा फोन लावला, तर ती पहिल्याच रिंगला समोर. आवाज इतका स्वच्छ, की ती म्हणाली, "किती जवळून बोलतेयस."

सामान हलवणं सोपं होतं, एक खड्डा वगळता. फोटो, संपर्क, संदेश केबल लावून गेले. व्हॉट्सअ‍ॅपही गेलं. पण बँकेची आणि इमेलची सहा-सहा आकडी कोड देणारं अ‍ॅप नव्या फोनवर रिकामं उघडलं. त्या कोडांची किल्ली जुन्या फोनमध्ये होती आणि माझ्या अ‍ॅपची ती स्वतःहून हलत नव्हती. जुन्या फोनवर क्यूआर काढून नव्या फोनने स्कॅन करावी लागत होती. जुना फोन मी उत्साहाच्या भरात त्याच संध्याकाळी पुसणार होते. "सगळं पुसा" च्या बटणावर बोट होतं, आणि तेवढ्यात त्याची बॅटरी चाळीसवरून शून्यावर गेली. तो बंद पडला म्हणून मी वाचले. ज्या खोडीमुळे त्याला घालवत होते, तिनेच जाता जाता माझी खाती राखली. त्यानंतर तीन आठवडे मी त्याला हात लावला नाही. त्या तीन आठवड्यांत आणखी दोन गोष्टी आठवल्या: नोंदवहीचं एक अ‍ॅप, आणि आवाजात टिपून ठेवलेली काही जुनी रेकॉर्डिंगं.

मग उरलं त्याचं कुलूप. फोन माझा, पैसे फिटलेले, वर १९ महिने जास्तीचे दिलेले, आणि तरी तो त्या एका कंपनीच्याच सिमवर चालत होता. कंपनीला आयएमईआय देऊन अनलॉकची विनंती केली. अर्जात "कारण" असा रकाना होता. मी लिहिलं, "फोन माझा आहे." आठ दिवसांनी आकड्यांचा कोड आला. सोबत सूचना, की चुकीचा कोड ठरावीक वेळांहून जास्त टाकला तर कुलूप कायमचं बसेल. मी चष्मा लावून, एकेक आकडा मोठ्याने म्हणत तो टाकला. पडद्यावर एक बारीकसं वाक्य उमटलं आणि गेलं. बस, एवढंच.

भावाने नवी बॅटरी बसवून दिली. खातं काढलं, फोन पुसला. बँकेचं अ‍ॅप त्यात घालायचं नाही, एवढी एकच अट घालून तो बाबांना दिला. त्यांचं सिम दुसऱ्याच कंपनीचं, त्यांच्या बटणांच्या फोनमधलं. ते कार्ड नॅनोहून मोठं निघालं, म्हणून त्यांच्या कंपनीकडून बदलून आणलं. घातलं, आणि रेंज आली.

बाबांनी फोन उलटसुलट करून पाहिला. "किती दिवसांसाठी दिलायस?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच आहे आता."

ते उठून आतल्या खोलीत गेले. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. दार उघडंच होतं, त्यामुळे त्यांचा आवाज मला दोनदा आला, एकदा खोलीतून आणि एकदा कानातून.

"हॅलो, ऐकू येतंय का?"